झडपेची की दोऱ्याची

कट् करून सुपारी फुटली आणि आम्ही सगळेच दचकलो. 

मेजावर डॉक्टरबाईंनी पेनाने काढून दिलेलं चित्र होतं. दोन डोळे. दोन्हींत एकेक बारीक नळी आणि नळीच्या टोकाला, डोळ्यामागे, एक चकती. एका चकतीच्या तोंडाशी छोटं दार काढलं होतं, दुसऱ्या नळीवर गाठ. माझा नवरा प्रज्योत तो कागद मघापासून फिरवून फिरवून बघत होता. तो चालवतो त्या खनिजाच्या टिप्परचं इंजिन उघडून ठेवलं असतं तर त्याने एव्हाना दोष शोधला असता. सासूबाई खाली भिंतीला टेकून बसलेली, हातात अडकित्ता. घरात सगळे तिला माय म्हणतात, मीही.

सुपारीचं खांड तिने तोंडात टाकलं नाही. ते मुठीत धरून म्हणाली, "आमका काय कळता यातला? देवाक विचारूया."

प्रज्योतने कागद खाली ठेवला. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते मला दिसलं. मी आतल्या खोलीत बघितलं. सेजल पलंगावर आपल्या धाकट्या भावाची, सहा महिन्यांच्या साईशची, पायाची बोटं मोजत होती. एकेक बोट अगदी डाव्या डोळ्याजवळ नेऊन. नऊ वर्षांच्या त्या पोरीकडे आता तेवढा एकच डोळा होता, आणि त्याच्यात कुठली नळी बसवायची ते आम्हाला शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं.

उजवा कसा गेला ते आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आमचं घर पाळी गावात, खाणीच्या रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक चालू असले की जनेलं-खिडक्या दिवसभर बंद, तरी संध्याकाळी मेजावरून बोट फिरवलं की बोट तांबडं होतं. सेजल पाच वर्षांची असताना तिचे डोळे खाजायला लागले. चोळून चोळून लाल व्हायचे, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. नाक्यावरच्या मेडिकलमधून मी एक बाटली आणली. दोन दोन थेंब घातले आणि संध्याकाळपर्यंत डोळे स्वच्छ पांढरे. इतकं गुणाचं औषध मी पाहिलं नव्हतं. संपली की दुसरी आणायची. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मीही कुणा डॉक्टरला विचारलं नाही. पोरीने हात डोळ्यांकडे नेला की मायच आतून हाक मारायची, "घाल गो तिका दोन थेंब." अडीच वर्षं घातले. मे महिन्यात माझ्या माहेरी पेडण्याला गेलो की पंधरा पंधरा दिवस बाटलीची आठवणही व्हायची नाही. मी म्हणायची, हिला समुद्राची हवा मानवते.

मग तिसरीत ती फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणायला लागली. दारातून जाताना उजवा खांदा चौकटीला आपटायचा. बाई म्हणाल्या, हिचं लक्ष नसतं. शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी विचारलं, आजवर डोळ्यांत काय घालत होता? मी पर्समधून बाटली काढून पुढे केली, गृहपाठ केलेल्या मुलीने वही दाखवावी तशी. त्यांनी ती फिरवून वाचली आणि टेबलावर आडवी ठेवली. रागावल्या नाहीत. या थेंबांनी खाज जाते, म्हणाल्या, पण काही मुलांच्या डोळ्यांतलं पाणी आतच तुंबतं. सगळ्यांच्या नाही, काहींच्या. पाणी तुंबलं की दाब वाढतो, आणि त्या दाबाने नजरेची शीर सुकत जाते. दुखत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. सुकलेली शीर पुन्हा ओली होत नाही.

उजव्या डोळ्याच्या एका कडेला तेवढा उजेड उरला होता. डावा अजून चांगला होता. त्याच्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट करून देणारं ऑपरेशन झालं. आठ महिन्यांत ती वाट बुजली. "लहान मुलांच्या जखमा फार चांगल्या भरतात," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. फ्रिजच्या दारात दाब उतरवायच्या तीन बाटल्या होत्याच. त्यांनीही दाब हटेना. बाटलीचं बूच फिरवल्याचा आवाज आला की सेजल दोन्ही मुठी आवळून मान वर करायची. न सांगता. मी थेंब घालताना ती कधी रडली नाही. त्यापेक्षा रडली असती तर बरं.

आता नळी हाच उपाय होता. डॉक्टरबाईंनी आम्हाला चित्र काढून समजावलं, दोनदा. दोन्ही नळ्यांचं काम एकच, डोळ्यातलं जास्तीचं पाणी मागच्या चकतीकडे नेऊन सोडायचं. झडपेच्या नळीत बारीक दार असतं. दाब फार उतरायला लागला की दार आपोआप मिटतं. ती पहिल्या दिवसापासून काम करते. पण पुढे चकतीभोवती कातडी घट्ट होते, दाब पुन्हा चढतो, आणि बऱ्याच मुलांना वर्षा-दोन वर्षांत थेंब परत सुरू करावे लागतात. दुसरीला दार नाही. चकती मोठी, त्यामुळे दाब जास्त उतरतो, जास्त वर्षं उतरलेला राहतो, थेंब कमी लागतात, काहींचे सुटतातही. पण दार नसल्यामुळे सुरुवातीला ती नळी दोऱ्याने आवळून बांधतात. पाच-सहा आठवड्यांत दोरा विरघळतो आणि नळी मोकळी होते. त्या दिवशी दाब एकदम खाली येऊ शकतो. "फार खाली आला तर डोळ्याला धोका असतो," त्या म्हणाल्या. "थोड्या मुलांत होतं. पण होतं."

मी विचारलं, तुमची मुलगी असती तर?

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मीही हाच कागद काढला असता आणि घेऊन बसले असते. या डोळ्याला दोन्ही बसतील, म्हणून तर विचारते. शुक्रवारी भरती व्हायला याल तेव्हा सांगा."

बुधवारी आम्ही देवळात गेलो. आमच्याकडे जमिनीचं, लग्नाचं, घराच्या पायाचं, असलं काही अडलं की रवळनाथाला कौल लावतात. गाभाऱ्यातला पाषाण ओला करून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बसायचं. आधी कुठची पडते त्यावर देवाचं म्हणणं. नळीचा कौल मात्र गुरुदास गुरवाने जन्मात लावला नव्हता. त्याने प्रज्योतकडून दोन्ही नळ्या नीट समजून घेतल्या, मध्येच दोन शंका काढल्या, आणि डॉक्टरी नावं सांगायला लागल्यावर हात वर केला. "नावां र्‍हवांदी. झडपेची आणि दोऱ्याची, इतक्यानच गाऱ्हाणा घालतंय. ती नावां ऐकान देव म्हणतलो, आधी तुम्हीच शिकान येवा." प्रज्योत हसला. त्या आठवड्यातलं तेवढंच हसणं.

उजवी पडली तर झडपेची, डावी पडली तर दोऱ्याची. गुरुदासने गाऱ्हाणं घातलं, आम्ही दर ओळीला होकार दिला. सेजल माझ्या मांडीत बसली होती. गाभाऱ्यातल्या अंधारात तिला पाकळ्या दिसत नव्हत्या, म्हणून थोड्या थोड्या वेळाने विचारायची, पडली? माय तिच्या पाठीवरून हात फिरवायची. अर्धा तास झाला असेल. माझ्या मनात काय होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी डाव्या पाकळीकडे बघत होते.

उजवी पडली. अगदी अलगद, मध्ये कुठेही न अडखळता. मायने डोळे मिटले आणि तिचा सगळा चेहरा ढिला झाला. गुरुदासने पाकळी पानावर ठेवून दिली ती तिने पदराच्या गाठीत बांधली, घरी आल्यावर देवघरात ठेवली. "झाला," ती म्हणाली. "आता आमच्यावर काय नाय." त्या संध्याकाळी ती किती दिवसांनी पोटभर जेवली.

मला जेवण गेलं नाही. फ्रिजचं दार उघडलं की बाटल्या समोर. झडपेची म्हणजे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा त्या, मग कदाचित जन्मभर. पुन्हा मी बूच फिरवणार आणि ही पोर मुठी आवळून मान वर करणार, त्याच हातांपुढे, ज्या हातांनी तिचा उजवा डोळा विझवला. देवाने कौल दिला होता. पण थेंब घालायला देव येणार नव्हता. दोऱ्याच्या नळीतला धोका मी ऐकला नव्हता असं नाही. थोड्या मुलांत होतो, एवढंच मी मनात धरलं. आमच्या वाट्याचं एकदा होऊन गेलंय, असाही काहीतरी हिशेब केला असेन. तो मला आज नीट आठवत नाही, आणि आठवला तर मांडायची लाज वाटेल.

शुक्रवारी प्रज्योत खाली फाइलच्या झेरॉक्स काढायला गेला होता. सेजलची हनुवटी तपासणीच्या यंत्रावर टेकलेली, डॉक्टरबाई पलीकडून तिच्या डोळ्यात बघत होत्या. बघता बघताच त्यांनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"दोऱ्याची," मी म्हणाले.

"घरात सगळ्यांशी बोललात?"

"हो."

एवढंच. त्यांनी फाइलवर लिहिलं, मी सही केली. सेजलने हनुवटी हलवली नाही. तिचं लक्ष यंत्राच्या उजेडाकडे आहे असं मी धरून चालले. प्रज्योत वर आला तेव्हा म्हणाला, सांगितलंस? मी म्हणाले, सांगितलं. खोटं असं मी काहीच बोलले नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली तेव्हा सेजलने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं आणि मग नर्सच्या बिल्ल्यावरचं नाव. घरी आल्यावर मायने शेजारपाजारी नारळ वाटले. मी मात्र दिवस मोजत होते. दोरा असेपर्यंत थेंब आणि गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. मायने एकदा विचारलंच, झडप पहिल्या दिवसापासून चालते म्हणालीस ना, मग परत हे कित्याक? मी म्हणाले, सूज उतरेपर्यंत. हे मात्र खोटं होतं. सेजलला वाकू नको, धावू नको, साईशला उचलू नको, असं मी सारखं बजावत होते. तिला साध्या सर्दीची चाहूल लागली तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसायची. प्रज्योत म्हणायचा, तू तिला काचेच्या कपाटात घालून ठेवशील.

एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी ती चहात उंडो बुडवून खात होती. पाववाला पोदेर नुकताच येऊन गेला होता, पाव अजून ऊन होता. तिने घास मध्येच खाली ठेवला आणि डोळ्यावर हात घेतला.

"आई, आत काहीतरी फुगतंय."

मग तिला उलटी झाली. मग ती किंचाळायला लागली. शेजारच्या गौरेशने आपल्या गाडीतून नेलं. वाटेभर ती माझ्या कुशीत डोकं रुतवून कण्हत होती, आणि घाटाच्या खाली पोचलो तेव्हा कण्हणं थांबवून म्हणाली, लाईट गेली काय?

गाडीत लख्ख ऊन होतं.

डॉक्टरबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. दोरा सुटला, पाणी भराभर निघून गेलं, डोळा मऊ पडला आणि मागच्या पडद्याखालची एक शीर फुटली. त्यांनी रक्त काढलं, दहा दिवसांनी पुन्हा एकदा काढलं. शेवटी खिडकी कुठे आहे तेवढं तिला कळायला लागलं, तेही बाहेर ऊन असेल तर. प्रज्योतला त्या म्हणाल्या, दाब एकदम उतरला. त्याने मान हलवली. कुठल्या नळीने ते त्याने विचारलं नाही. त्याच्या लेखी नळी एकच होती.

मी एकटी असताना त्यांना विचारलं. त्यांनी फाइलच्या कडा जुळवल्या. "झडपेच्या नळीत हे होत नाही असं नाही. कमी होतं," त्या म्हणाल्या. "आणि ती हिच्या डोळ्यात टिकलीच असती असंही मी म्हणू शकत नाही. हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही ते शोधत बसू नका."

मी शोधत बसले नसते कदाचित. पण घरी माय होती.

मायने चाळीस वर्षं सोमवार धरला होता. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून जत्रेच्या दिवशी देवासमोरच्या समईत पहिलं तेल आमच्या घरचं पडतं, ते तीच घेऊन जायची. इस्पितळातून परत आल्यावर पहिल्या सोमवारी ती जेवली. सगळ्यांच्या देखत, सकाळी नऊ वाजता. देवघरातली कौलाची पाकळी तिने केरात टाकली. शेजारची सुलोचना देवळात चल म्हणून बोलवायला आली तर माय कदेलीवरून, आपल्या खुर्चीवरून, उठली नाही.

"चाळीस वर्सांत मी त्येच्याकडे कायएक मागूक नाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकदाच विचारलंय, ह्या पोरीच्या डोळ्यासाठी. आणि त्येना चुकीचा सांगल्यान. आता माका त्येच्याकडे काय काम?"

सुलोचना निघून गेली. सेजल आजीच्या पायाशी बसली होती, ती आवाजाच्या दिशेने तोंड वर करून ऐकत होती.

त्यानंतर मी मायकडे तीनदा गेले, सांगायचं म्हणून. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा साईश रडला. तिसऱ्यांदा मी तिच्याजवळ बसले, तोंड उघडलं आणि मला हुंदकाच फुटला. तिने माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं, केसांतून तिची खरखरीत बोटं फिरायला लागली. "तू कित्याक रडतंस गो? तुझी काय चूक? तू तर देवाचा ऐकलंस," ती म्हणाली. मांडीवरून डोकं उचलणं माझ्याने झालं नाही. मला ती बोटं हवी होती.

जत्रा आठ दिवसांवर आल्यावर तिने प्रज्योतला सांगून टाकलं, देवळाच्या लोकांना कळव, औंदा तेल दुसऱ्या घरचं घाला. प्रज्योतने समजावून बघितलं. लोक काय म्हणतील, म्हणाला. म्हणांदी, माय म्हणाली. तो टिप्पर घेऊन गेला तेव्हा, कामावरून येताना वाट वाकडी करून गुरुदासच्या घरी जाऊन येतो, असं सांगून गेला.

दुपारी साईश झोपला. सेजल आणि मी मागच्या पायरीवर बसलो होतो. शाळेतून नवीन बाई येतात, ठिपके चाचपून वाचायला शिकवतात. त्यांनी दिलेला जाड कागद सेजलच्या मांडीवर होता आणि तिचं बोट पहिल्याच ओळीवर परत परत जात होतं. माय घरातून निघाली, अंगणातून विहिरीकडे गेली. सेजलचं बोट थांबलं. मान कलती करून ती पावलं ऐकत राहिली.

"आजी आज पण तुळशीकडे थांबली नाय," ती म्हणाली.

"कामात असेल."

"नाय. ती रुसलीय." मग थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "आई, तू डॉक्टरबाईंना दोऱ्याची सांगितलीस ना? मी ऐकलेलं."

विहिरीवर रहाट कुरकुरत होता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. राग नव्हता त्यात. वाचताना अडलं की कपाळाला पडते तेवढी एक बारीक आठी होती. मी हो म्हणाले. म्हणाले की नुसती मान हलवली आणि तिला ती दिसली नाही, मला सांगता येणार नाही. पण तिने माझा हात शोधून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मग मी आजीला सांगू, देव चुकला नव्हता म्हणून?"